ओट्याचा नियम

शिरगुप्पे मॅडमनी पडदा अप्पांच्या बाजूला वळवला आणि म्हणाल्या, "बघा, त्र्याण्णव टक्के. या खोलीत एवढा आकडा मला फारसा बघायला मिळत नाही."

अप्पांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि पुन्हा लावला. पडद्यावर त्यांच्या लेकीचं, ऋजुताचं, विद्यापीठातलं पहिलं वर्ष उलगडून ठेवलेलं होतं. ते वर्ष सुरू व्हायला अजून दोन महिने अवकाश होता. पण कृष्णाकाठ विद्यापीठात वर्ष सुरू होण्याआधीच एकदा होऊन गेलेलं असे. त्याला 'पूर्ववर्ष' म्हणत.

मिरजेहून दोघं पहाटेच्या एसटीनं निघाली होती. अप्पा एसटीतच नोकरीला. वीस वर्षं त्यांनी मिरज स्थानकात माइकवरून गाड्या पुकारल्या होत्या. नंतर पुकारायला यंत्र आलं आणि अप्पांना पार्सलच्या खिडकीत बसवलं. त्याचं त्यांना वाईट वाटलं असणार, पण ते बोलून दाखवायचे नाहीत. "यंत्राचा घसा बसत नाही, बरंय की," एवढंच म्हणायचे.

मॅडम समजावून सांगू लागल्या. विद्यार्थी सल्लागार म्हणून रोज हेच दहादा सांगावं लागत असलं तरी त्यांच्या आवाजात कंटाळा नव्हता.

पाचवीपासून प्रत्येक मूल शाळेच्या पाटीवर लिहितं. ती पाटी, म्हणजे टॅबलेटच, मुलाचं उत्तर तपासते आणि ते कसं आलं हेही टिपून ठेवते. लेखणी कुठं थबकली, काय खोडलं, डोळे कुठल्या ओळीवर रेंगाळले, आठवड्यानं तोच प्रश्न आला तेव्हा कितपत आठवलं. आठ वर्षांच्या या नोंदींतून मुलाच्या शिकण्याच्या सवयीची एक गणिती प्रतिकृती तयार होते. तिला छाया म्हणतात. छायेला मन नसतं, आवडनिवड नसते. ऋजुता कशी शिकते एवढंच तिला ठाऊक असतं. हवामान खातं तोच ढग संगणकात थोडाथोडा फरक करून हजारदा सोडून बघतं आणि मग पावसाची शक्यता सांगतं. इथं ढगाच्या जागी छाया. तिला पहिल्या वर्षातून हजारो वेळा पाठवतात. एकदा गणित सकाळी, एकदा दुपारी. एकदा रसायन पहिल्या सत्रात, एकदा दुसऱ्या. एकदा खोलीत बडबडी मैत्रीण, एकदा मुखदुर्बळ. ज्या मांडणीत छाया सर्वांत चांगल्या गुणांनी पार पडते, ती त्या विद्यार्थ्याची योजना.

"म्हणजे हिनं पहिलं वर्ष आधीच पास केलंय म्हणा की," अप्पा हसत म्हणाले.

"शंभरातून त्र्याण्णव वेळा," मॅडमही हसल्या.

सकाळी गणित, मग पदार्थविज्ञान. दुपारच्या पेंगुळलेल्या तासाला कन्नड कवितेचा छोटा अभ्यासक्रम, कारण त्या वेळी ऋजुताच्या मेंदूला आकडे सोसत नाहीत. गुरुवारी संध्याकाळी बॅडमिंटन. सगळं इतकं बेतशीर होतं की कोणा जाणत्या शिंप्यानं माप घेऊन शिवलंय असं वाटावं. ऋजुताला पदार्थविज्ञानच करायचं होतं आणि छायाही तेच म्हणत होती. पंचाहत्तरच्या वर आकडा असला की विद्यार्थी हिरव्या पट्टीत जायचा. मग दुसऱ्या वर्षाची पदार्थविज्ञानातली जागा आजच पक्की. त्याखाली पिवळी पट्टी. तिथल्यांनी वर्षभर राबायचं आणि जागा उरली तर मिळायची.

शेवटच्या ओळीपाशी मात्र मॅडम जरा थांबल्या.

"एक गोष्ट आहे. ऋजुता, प्रश्नावलीत तू लिहिलंयस की रात्री आठ ते नऊ पाटी बाजूला ठेवून तू वडिलांशी गप्पा मारतेस."

"हो."

"त्या गप्पांनंतर तुझा अडखळ-निर्देशांक चढतो. खोडाखोड वाढते, वेग निम्म्यावर येतो, आधी बरोबर सोडवलेलं तू पुन्हा चुकवतेस. परिणाम दोन दिवस टिकतो. आठही वर्षं हेच." मॅडमनी अप्पांकडं पाहिलं आणि आवाज मऊ केला. "मुलं इथं मोबाइल, क्रिकेट, प्रेमप्रकरण असलं काहीतरी लिहितात. हिनं वडील लिहिलेत. संभाषण तसंच चालू ठेवलं तर आकडा एकसष्ट होतो. सत्र संपेपर्यंत ते बंद ठेवलं तर त्र्याण्णव."

"आणि तिच्या आईचा फोन?" अप्पांनी विचारलं. ऋजुताची आई जर्मनीत परिचारिका होती. दर रविवारी तिचा फोन यायचा.

मॅडमनी पडद्यावर बोट सरकवलं. "आईचा फोन. परिणाम शून्य. तो चालू राहू दे."

जर्मनीतल्या त्या बाईनं हे ऐकलं असतं तर तिला आनंद झाला असता की रडू कोसळलं असतं, सांगणं कठीण आहे.

ऋजुता खाली मान घालून बसली होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला थोडं हलकं वाटलं. आठ वाजता अप्पांसमोर उभं राहायचं म्हणजे डोक्याला ताप असायचा. तो ताप आता सत्रभर नाही, असा विचार मनात आला आणि पाठोपाठ त्या विचाराची लाजही वाटली. ती सतरा वर्षांची होती, त्यामुळं योजनेवर सही पालकाची लागत होती. अप्पांनी काचेवर बोटानं सही केली, नेहमीसारखी ठसठशीत.

"पोरीच्या आड कशाला यायचं," ते म्हणाले. "होय की नाही मॅडम?"

---

आता रात्री आठ वाजता अप्पांच्या घरात नेमकं काय चालायचं ते सांगायला हवं, कारण छायेला ते ठाऊक नव्हतं.

आई जर्मनीला गेली तेव्हा ऋजुता चौथीत होती. तेव्हापासून स्वयंपाक अप्पांकडं. जेवणं झाली की ते ओटा आवरायचे आणि ऋजुता ओट्याच्या कडेला टेकून उभी राहायची. अप्पा विचारायचे, "आज काय नवीन?" मग त्या दिवशी शाळेत जे शिकवलं असेल ते तिनं सांगायचं. त्याला एकच नियम होता. ओट्यावर जे आहे त्याच्यातच सांगायचं. पातेलं, पळी, कणीक, कांदा, गॅस. पुस्तकातला शब्द आला की अप्पा हात वर करून गाडी थांबवायचे. "ते नाव झालं. आता गोष्ट सांग."

अप्पा बारावीनंतर शिकले नव्हते. आपल्याला फार कळतं असा त्यांचा दावा कधीच नव्हता. उलट त्यांना कळायचं नाही म्हणूनच ते विचारायचे, आणि न कळल्याचं सोंग घेऊन तर मुळीच नाही. "पण का?" हे त्यांचं पालुपद ऐकून कधीकधी ऋजुता पाय आपटत निघून जायची.

आठवीत असताना ती पाणी उकळण्याचा धडा घेऊन आली. उकळतं पाणी आणखी तापत नाही, गॅस कितीही मोठा करा, असं तिनं सांगितलं. अप्पांना काही केल्या ते पटेना. एवढी वर्षं ते डाळ लवकर शिजावी म्हणून गॅस मोठा करत आले होते. शेवटी रविवारी दोघांनी पातेल्यात तापमापी सोडली. आकडा शंभराच्या जरासा अलीकडं जाऊन थांबला. अप्पांनी गॅस पूर्ण मोठा केला. पाणी खदखदायला लागलं, वाफेनं खिडकी धुरकटली, पण आकडा जागचा हलेना. अप्पा कमरेवर हात ठेवून कितीतरी वेळ त्या आकड्याकडं बघत राहिले.

"मग एवढी आच जाते कुठं?" त्यांनी विचारलं.

"सुप्त उष्णता," ऋजुता ऐटीत म्हणाली.

"ते नाव झालं."

त्या दिवशीही ती पाय आपटत खोलीत गेली. पाटी उघडली. शाळेत बरोबर सोडवलेली उदाहरणं तिनं पुन्हा काढली आणि ती तिला परकी वाटायला लागली. तिनं ती खोडली. पुन्हा मांडली, चुकली. दोन दिवस ती चुकत राहिली आणि पाटी इमानेइतबारे प्रत्येक चूक टिपत राहिली. तिसऱ्या दिवशी ती ओट्यापाशी आली आणि म्हणाली, "अप्पा, पातेल्यात पाण्याचे अगदी बारीक कण आहेत आणि प्रत्येकानं शेजाऱ्याचा हात धरलाय. वाफ व्हायचं तर हात सुटायला हवा. तुमची आच ते हात सोडवण्यात जाते. गरम करायला उरतच नाही."

अप्पांचा चेहरा असा काही उजळला की ऋजुताला स्वतःचाच अभिमान वाटला. पण अप्पा ते अप्पाच. पळी धुता धुता ते म्हणाले, "बरं. आणि तो हात कशाचा?"

ते तिला सांगता आलं नाही. "पुढं शिकलीस की सांग," अप्पा म्हणाले. ऋजुता पदार्थविज्ञानाकडं वळली ती त्या हातामागं. ही गोष्ट कुठल्याच पाटीवर नोंदलेली नव्हती, कारण ती पाटी बाजूला ठेवल्यावर घडली होती.

---

पहिलं सत्र योजनेबरहुकूम पार पडलं. सकाळी उठून गणित, मग पदार्थविज्ञान, दुपारी कविता. रात्रीचे आठ वाजले की पहिल्या आठवड्यात ऋजुताचा हात आपोआप फोनकडं जायचा. योजनेनुसार अप्पांचा क्रमांक सत्र संपेपर्यंत झोपवून ठेवला होता. हळूहळू हात जायचा थांबला.

तिच्या खोलीत मुक्ता कदम नावाची मुलगी होती. मुक्ताच्या छायेला गावची जत्रा वर्ज्य होती, रात्री दहाच्या पुढचं जागरण वर्ज्य होतं आणि तिचा मावसभाऊही वर्ज्य होता. "तो मला हसवतो म्हणे फार," मुक्ता सांगायची. दोघी यावर खूप हसल्या. मग एकदा मुक्ता हसता हसता मध्येच थांबली, आणि त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

अभ्यास मात्र तेलावर चालावा तसा चालला होता. तासाला जे सांगितलं ते डोक्यात जायचं, चाचणीत जसंच्या तसं बाहेर यायचं. कुठं अडत नव्हतं. पाटीवर खोडाखोड नव्हती. कोपऱ्यातला हिरवा ठिपका दिवसभर तेवत असायचा आणि त्याच्याकडं बघून ऋजुताला आपण हुशार झालो असं वाटायचं. उष्णता आणि वायूंचा पेपर तिनं वेळेच्या आधी लिहून संपवला.

दिवाळीत प्रयोगशाळेचं काम होतं, म्हणून योजनेनं तिला घरी सोडलं नाही. एसटीच्या पार्सलनं डबा आला. चकल्या, शंकरपाळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. पार्सलवर पत्ता अप्पांच्या अक्षरात होता. तिनं डबा उलटा केला, कागद झटकून बघितले. आत चिठ्ठी नव्हती. अप्पांनी सही केली होती आणि केलेली सही ते पाळत होते. ऋजुतानं एक चकली तोंडात टाकली आणि तिला एकदम रडू आलं. का ते तिचं तिलाच कळेना, कारण तसं सगळं छान चाललं होतं.

रविवारी आईचा फोन आला. "अगं, बरंच झालं की," आई म्हणाली. "तुझ्या अप्पांना प्रश्न विचारायची खोडच आहे. लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्या वडिलांना त्यांनी घड्याळ उलटं का फिरत नाही ते विचारलं होतं." आई हसली, तीही हसली, आणि बोलणं संपलं. परिणाम शून्य.

---

डिसेंबरात निकाल लागला. दहापैकी साडेनऊ. ऋजुता मिरजेला गेली तेव्हा स्थानकावर यंत्राचा गोड आवाज सांगलीची गाडी पुकारत होता आणि अप्पा पार्सलच्या खिडकीतून हात हलवत होते. ते वाळले होते. निकाल त्यांनी आधीच बघितला होता, शेजारच्या खिडकीतल्या सगळ्यांना पेढे वाटून झाले होते.

रात्री जेवणं झाल्यावर अप्पा ओटा पुसू लागले. ऋजुता कडेला टेकून उभी राहिली. ती वाट बघत होती. अप्पांनी पातेलं घासलं, विसळलं, पालथं घातलं. मग फडकं वाळत टाकून म्हणाले, "झोप जा. दमली असशील."

"आज काय नवीन ते विचारा की."

"राहू दे गं."

"अप्पा, आमचा उष्णतेचा सगळा भाग झालाय. तुम्हाला सांगते." तिनं त्यांना हाताला धरून थांबवलं. आठवीतला तो हात तिला आठवला होता. आता सांगता येईल, असं तिला वाटलं होतं. तिनं सुरुवात केली. "म्हणजे कणांमध्ये आंतररेण्वीय आकर्षण असतं. त्याची स्थितिज ऊर्जा ऋण असते, त्यामुळं..." तिनं पातेल्याकडं पाहिलं. पातेलं पालथं पडलं होतं. "त्यामुळं बाष्पनाच्या वेळी..."

वाक्यं बिनचूक होती. परीक्षेत याच वाक्यांना पूर्ण गुण पडले होते. पण ओट्यावरची एकही वस्तू त्यांना लागू पडेना. शब्दांच्या मागं हात घालून बघावं तर तिथं काही नव्हतंच. सहा महिन्यांत आपण बरंच पाठ केलं, आणि काहीच शिकलो नाही, हे तिला तिथं, ओट्यापाशी उभं राहून कळलं. इतक्या महिन्यांत कुणी तिला थांबवलंच नव्हतं.

आता अप्पा हात वर करतील, 'ते नाव झालं' म्हणतील, म्हणून ती त्यांच्याकडं बघत राहिली. अप्पा कौतुकानं मान डोलावत होते.

"छान. फार छान सांगतेस," ते म्हणाले.

"काय छान? तुम्हाला कळलं काय?"

"मला कळून काय करायचंय?"

"अप्पा, मलाच कळलेलं नाही! साडेनऊ पडलेत आणि मला येत नाही. विचारा की काहीतरी!"

अप्पा स्टुलावर बसले. ओले हात त्यांनी सदऱ्याला पुसले.

"बाळा, आठ वर्षं मी तुला रोज मागं ओढत होतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, आपण गप्पा मारतोय. पोरगी शिकायलीय, आपणही चार गोष्टी शिकायलोय. आणि तिकडं तू दोन-दोन दिवस चुकत होतीस. मला काय माहीत? कुणी सांगितलंच नव्हतं. आता सांगितलंय. मी गप्प बसलो तर तुला साडेनऊ पडतात, हे डोळ्यांनी बघितलं की मी."

"ती चूक नव्हती. मी विचार करत होते."

"माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून म्हणतेस तू." अप्पा उठले. "आवाज बंद करायची मला सवय आहे. एकदा केलाय."

दुसऱ्या सत्राची तीच योजना पुन्हा सहीला आली होती. ऋजुतानं विनवण्या केल्या, चिडली, जेवली नाही. अप्पांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, आणि ती आंघोळीला गेली असताना सही करून टाकली. त्यांनी ते निव्वळ मायेनं केलं होतं, म्हणून तर तिला त्यांच्यावर धड रागावताही येईना.

---

जानेवारीत ऋजुताला अठरा वर्षं पूर्ण झाली. आता तिची सही चालत होती. ती शिरगुप्पे मॅडमच्या खोलीत गेली.

"मला अप्पांशी बोलणं चालू करायचंय," ती म्हणाली.

मॅडमनी तिची छाया उघडली, ओळ बदलली, आणि यंत्रानं पुढचे सहा महिने पुन्हा हजारो वेळा जगून बघितले. चहाचा एक घोट घेईपर्यंत उत्तर आलं. एकसष्ट. हिरवा ठिपका पिवळा झाला.

"मॅडम, मी अडखळते तेव्हा मी शिकत असते. छाया त्यालाच घसरण म्हणते."

मॅडमनी चहाचा कप बाजूला सरकवला. "तू म्हणतेस ते खरं असेल," त्या म्हणाल्या. "छायेला आम्ही गुण ओळखायला शिकवलं. समज ओळखायला शिकवायचं तर आधी समज मोजता यायला हवी, आणि ते यंत्र माझ्याकडं नाही. कुणाकडंच नाही. पण दुसऱ्या वर्षाची जागाही गुणांवरच मिळते, ऋजुता. ही सही केलीस की ती जागा आज गेली. मग कदाचित मिळेल, कदाचित नाही. पदार्थविज्ञानासाठी तू हे करतेयस आणि पदार्थविज्ञानच हातचं जाईल. कळतंय का तुला?"

ऋजुताला कळत होतं. तिनं बोट ओढणीला पुसलं आणि काचेवर सही केली.

"आणि त्यांनी फोन उचललाच नाही तर?" मॅडमनी विचारलं.

तो विचार तिनं केला नव्हता.

अप्पांनी फोन उचलला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, त्या आख्ख्या आठवड्यात नाही. आठ वाजता ती फोन लावायची, तिकडं घंटा वाजत राहायची. ओट्यावर, साखरेच्या डब्याशेजारी ठेवलेला फोन आणि त्याच्याकडं पाठ करून भांडी घासणारे अप्पा तिच्या डोळ्यांपुढं यायचे. रविवारी आई म्हणाली, "त्यांनी निरोप दिलाय. अभ्यास कर म्हणाले. काय चाललंय तुमचं दोघांचं?"

यंत्राची मनाई तिनं एका सहीनं उठवली होती. पण यंत्रानं एका बापाला पटवून दिलं होतं की त्याचा आवाज लेकीला बाधतो, आणि ते उठवायला कुठलीच सही चालत नव्हती. ऋजुताला यंत्राचा पहिल्यांदाच मनापासून राग आला. आकडा एकसष्टवर आला होता, तिची जागा गेली होती, आणि ज्याच्यासाठी गेली तो माणूस फोन उचलत नव्हता. हातचं गेलं आणि पळत्याचंही काही दिसेना, अशी तिची गत झाली.

मग एका संध्याकाळी, वसतिगृहाच्या खानावळीत पातेल्यातल्या आमटीची वाफ बघता बघता तिला सुचलं. आठ वाजता तिनं फोन लावला नाही. आवाजी निरोप सोडला.

"अप्पा, आज काय नवीन ते सांगते. पाणी उकळायला लागलं की गॅस मोठा करायचा. गॅस मोठा केला की उकळतं पाणी आणखी तापतं. शंभराच्या पुढं, एकशेवीस, एकशेतीस, हवं तेवढं. म्हणून डाळ लवकर शिजते. आम्हाला असंच शिकवलंय. ठेवते."

तिनं फोन पालथा ठेवला आणि नखं कुरतडत बसली. मुक्तानं तिच्याकडं बघितलं आणि काही न विचारता कानात गाणी घालून भिंतीकडं तोंड केलं.

फोन वाजला.

"काय सांगायलीस तू हे?" अप्पांचा आवाज स्थानकात घुमावा तसा घुमला. "कुणी शिकवलं असं? आपण दोघांनी तापमापी घालून बघितलं नव्हे का? आकडा हलला नव्हता की! त्या मास्तरला म्हणावं, मिरजेला ये, दाखवतो."

ऋजुतानं फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला.

मग पलीकडून अप्पा हळू आवाजात म्हणाले, "मुद्दाम चुकलीस होय?"

"हो."

"तुझा आकडा..."

"पिवळा झालाय. एकसष्ट. मी सही केली."

"अगं वेडे! जागा गेली की तुझी."

"गेली."

"माझ्याशी बोललीस तर आणखी जाईल."

"जाऊ दे, अप्पा. भीती वाटतेय मला, खूप वाटतेय. पण साडेनऊ पडूनही मला तुम्हाला काही सांगता आलं नाही, त्याची त्याहून जास्त वाटली."

पलीकडं नळ चालू असावा. पाणी पडत होतं, मग नळ बंद केल्याचा आवाज आला. टेबलावरच्या पाटीच्या कोपऱ्यात पिवळा ठिपका होता. ऋजुता त्याच्याकडं बघत नव्हती. फोन ठेवतील, आता ठेवतील, असं तिला वाटत होतं.

अप्पांनी घसा खाकरला. गाडी पुकारायच्या आधी ते असाच खाकरायचे.

"बरं," ते म्हणाले. "मग सांग. तो हात कशाचा?"

ऋजुतानं तोंड उघडलं. आंतररेण्वीय, स्थितिज, ऋण, सगळे शब्द एकामागून एक पुढं आले आणि ओट्यापाशी येऊन थबकले.

"माहीत नाही, अप्पा," ती म्हणाली. "फोन ठेवू नका. अडखळत सांगते."